गुलाबाची कलमं घाऊक आणून विकायचीयत? मग आधी जोड बघायला शिका

छोटी नर्सरी काढायची म्हटलं की पहिलं रोप डोक्यात येतं ते गुलाबाचं, आणि ते बरोबरच आहे, कारण गिऱ्हाईक तुळस न्यायला आलेलं असलं तरी जाताना गुलाबापाशी थांबतंच. पण सगळ्यात जास्त पैसे बुडतात तेही गुलाबातच. साताऱ्याजवळ माझी छोटीशी नर्सरी आहे, कलमं मी स्वतः जास्त भरत नाही, घाऊक आणते, सांभाळते आणि विकते, त्यामुळे हे सगळं त्या बाजूने लिहितेय. ज्यांना ५०-१०० रोपांपासून सुरुवात करायचीय त्यांना उपयोग होईल.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की आपण विकतो ते एक झाड नसतंच, ती दोन झाडं असतात. खाली खुंट, म्हणजे जंगली गुलाब, आणि त्याच्यावर भरलेला आपल्याला हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला अंकुर. हे दोघं जिथे जुळतात तो जोड. आपल्याकडे खुंट बहुतेक वेळा मल्टिफ्लोराचा असतो (बिनकाट्याचा असला तर कामगारांना बरा पडतो), काही जण इंडिका वापरतात. पॉलिहाऊसवाल्यांचं गणित वेगळं, तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कसारख्या ठिकाणी कापायच्या फुलांसाठी नेटाल ब्रायर नावाच्या खुंटावरची रोपं लावतात, ती आपल्या कुंडीच्या धंद्यातली नव्हेत. कोणी सांगितलं की पॉलिहाऊसमधली काढून टाकलेली रोपं स्वस्तात मिळतायत तर घेऊ नका, चार-पाच वर्षं फुलं देऊन दमलेली झाडं असतात ती आणि बाहेरच्या उन्हात-पावसात नीट टिकत नाहीत.

आता माल तयार कसा होतो ते समजून घ्या, म्हणजे कधी काय मागायचं ते आपोआप कळेल. पावसाळ्यात खुंटाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या लावतात, वीतभर लांबीच्या. मुळं धरून त्या जोमात आल्या की थंडी सुरू होताना, साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, डोळे भरायचा हंगाम असतो. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टीसारखी चीर देतात, मदर प्लांटच्या, म्हणजे हव्या त्या जातीच्या मूळ झाडाच्या, डोळकाडीवरून (डोळे असलेल्या काडीवरून) डोळा सालीसकट ढालीसारखा काढतात, चिरेत सरकवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात. तीन-चार आठवड्यांत डोळा हिरवा राहिला तर धरला, काळा पडला तर गेला. धरल्यावर वरचा खुंट कापतात, डोळा फुटतो, आणि विकण्यासारखं रोप व्हायला पुढे अजून दोन-तीन महिने जातात. म्हणजे काडी लावल्यापासून धरलं तर वर्षाच्या आसपास वेळ. एवढा वेळ कोणीतरी पाणी, खत, मजुरी घातलेली असते, म्हणून कोणी अगदीच मातीमोल भावात कलम देत असेल तर त्यात काय कमी केलंय ते आधी शोधा.

एकदा एका नर्सरीत डोळे भरताना तासभर उभी राहून बघितलंय. डोळे भरणाऱ्या कारागिराला तिथे मामा म्हणून हाक मारतात, ते खाली बसून सरकत सरकत ओळ संपवतात, मागे एक मुलगी फक्त पट्टी बांधत येते. मी विचारलं, मामा, दिवसाला किती होतात, तर ते म्हणाले, "किती होतात ते नको विचारू बाई, साल सुटतीय का ते बघ." आणि खुंटाची साल चाकूच्या मागच्या बाजूने उचलून दाखवली, आतलं लाकूड ओलं, चकचकीत. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असलं की साल अशी सहज सुटते, नाहीतर ओढाताण होते आणि डोळा बसत नाही. या कारागिरांना बऱ्याच ठिकाणी डोळ्यामागे पैसे मिळतात, आणि खरं सांगायचं तर सगळा धंदा यांच्या हातावर उभा आहे. चांगला डोळे भरणारा माणूस ज्याच्याकडे आहे त्या नर्सरीचा माल दोन रुपये जास्त देऊन घ्या.

माल कुठून येतो? आपल्याकडे सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे पुणे-सोलापूर रस्ता, उरुळी कांचन आणि त्याच्या आजूबाजूला नर्सऱ्यांची रांगच आहे. दुसरा मोठा ओघ आंध्रातल्या कडियमचा, राजमहेंद्रवरमजवळ गोदावरीकाठी, तिथून देशभर ट्रक जातात आणि आपल्या बऱ्याच घाऊकवाल्यांकडचा माल मुळात तिथलाच असतो. बंगळुरू-होसूर पट्ट्यातूनही येतो. यात वाईट काही नाही, पण उरुळीत उभं राहून घेतलं म्हणजे उरुळीतच तयार झालं असं धरून चालू नका. सरळ विचारा, हे इथे भरलंय का बाहेरून आलंय, आणि आलंय तर कधी उतरलंय. चांगला माणूस खरं सांगतो. बाहेरचं रोप उतरून महिना झाला असेल, पिशवीत नवीन फूट घेतलेली असेल, तर बिनधास्त घ्या, कारण मरायची ती त्याच्याकडेच मरून गेली. कालच्या ट्रकमधून उतरलेलं घेतलं तर ती मर तुमच्या नावावर.

यावर माझा स्वतःचा अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी मी मे महिन्यात एका घाऊकवाल्याकडून फोनवर ३०० रोपं मागवली, न बघता, फक्त फोटोवर. स्वस्त मिळतायत म्हणून. टेम्पो आला, ताडपत्री नाही, रोपांना लाल चिकणमातीचे गोळे आणि वर सुतळी. मी गोळे तसेच ठेवून आमच्या माती-खताच्या मिक्समध्ये पिशव्या भरल्या. आठवडाभर छान दिसली, दोन-चार फुलंही फुटली, मग शेंड्याकडून काळी पडत खाली यायला लागली आणि तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त गेली. मेलेलं एक रोप बादलीत धुऊन बघितलं तर गोळ्याच्या आत माती विटेसारखी घट्ट, बाहेर पाणी असून आत कोरडं, मुळं तपकिरी, एकही पांढरं मूळ बाहेर आलेलं नाही. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत. तेव्हापासून गोळ्याची रोपं आली की पहिलं काम बादली. अर्धा तास गोळा पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की बोटांनी बाहेरची माती हळूहळू सोडवायची, सगळी नाही, मुळांना बिलगलेली आतली राहू द्यायची, आणि मग भुसभुशीत मिक्समध्ये लावून ८-१० दिवस शेडनेटखाली. फुलं, कळ्या सगळ्या खुडून टाकायच्या. जीव तुटतो खुडताना पण खुडायच्याच. आणि एप्रिल-मेमध्ये लांबून माल आणायचाच नाही, कितीही स्वस्त असू दे.

आता मुख्य गोष्ट, घेताना बघायचं काय. बहुतेक लोक फूल बघतात आणि फुलाकडेच बघत राहतात. तुम्ही खाली बसा. खरंच, नर्सरीत जाऊन उभ्याने गुलाब घेऊ नका, उकिडवं बसा आणि जोड बघा. मातीच्या वर चार-सहा बोटांवर खोडाला एक गाठ, फुगवटा दिसला पाहिजे, आणि फांद्या त्या गाठीतून निघालेल्या पाहिजेत. गाठीच्या खालून निघालेली फांदी म्हणजे खुंटाची फूट, ती कितीही तरारलेली असली तरी बिनकामाची, उलट वरचं सगळं खाणारी. मल्टिफ्लोराची पानं फिकट, बारीक आणि एका देठावर ७ किंवा ९ पानोळ्या अशी असतात, पण फक्त पानं मोजून ठरवू नका, चांगल्या जातींनाही कधीकधी सात येतात. फांदी कुठून निघालीय ते बघा, ते फसवत नाही. मग अंगठ्याने वरची फांदी अगदी हलकी रेटा, जोडापाशी डुगडुगली तर ते कलम अजून कच्चं आहे, टेम्पोत निम्मी तिथेच मोडतील. जोडावर प्लास्टिकची पट्टी अजून असेल आणि ती खोडात रुतली असेल तर गळफास बसल्यासारखं होतं, अशी रोपं घेतलीच तर घरी आल्या आल्या ब्लेडने पट्टी उभी कापा. जोडातून किमान दोन फांद्या निघालेलं रोप एका उंच काडीपेक्षा कधीही भारी, उंची बघून भुलू नका.

मग पिशवी. एक-दोन रोपं पिशवीतून अलगद बाहेर काढून बघायला मागा. कडेला पांढरी मुळं दिसली की झालं. माती पिशवी उलटी केल्यावर भसकन सांडली तर ती पिशवी परवा भरलीय. नर्सरीवाला काढू देत नसेल तर वाद घालू नका, फक्त तिथून घेऊ नका. पानांची मागची बाजू बघायला विसरू नका, बारीक जाळी किंवा लालसर धूळ दिसली तर लाल कोळी आहे, आणि खोडावर पांढरट खवले असतील तर खवले कीड, ती एका रोपावरून सगळ्या नर्सरीत जाते. काळे ठिपके पावसाळ्यात थोडेफार असतातच, त्याला घाबरायचं कारण नाही. नवीन माल काहीही झालं तरी आपल्या जुन्या मालापासून १५ दिवस लांब ठेवायचा, हा नियम मी कटाक्षाने पाळते.

जातींबद्दल. दुकानात तुम्हाला नावं कमी आणि रंग जास्त ऐकू येतील, लाल, पिवळा, डबल कलर, ऑरेंज, आणि "डच", "काश्मिरी", "बटन" असली बाजाराची नावं. हा या साखळीतला सगळ्यात मोठा दोष वाटतो मला, मदर प्लांटपाशी नाव असतं, ट्रकमध्ये चढताना ते गळतं आणि आपल्यापर्यंत फक्त फोटो चिकटवलेली काडी येते. गिऱ्हाईक मात्र आता शहाणं झालंय, पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातून लोक नावं लिहून आणतात. म्हणून मी थोडा तरी माल नावानिशी घेते, जिथे नर्सरीवाल्याची स्वतःची मदर प्लांटं आहेत तिथूनच. ग्लॅडिएटर आपल्याकडचा जुना भरवशाचा लाल, आइसबर्ग पांढरा आणि झुपक्याने फुलणारा, सोसायटीवाले कुंपणाला तोच मागतात, क्वीन एलिझाबेथ गुलाबी आणि काटक, डबल डिलाइट वासाला आणि रंगाला, मिस्टर लिंकन वासासाठी. या सगळ्या ५०-६० वर्षं किंवा त्याहूनही जुन्या, डबल डिलाइट तेवढी १९७७ ची, आणि कोणालाही भरता येतात. नवीन जातींचं तसं नाही, २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याखाली नोंदलेली जात परवानगीशिवाय भरून विकता येत नाही, तेव्हा स्वतः डोळे भरायच्या विचारात असाल तर जुन्या जातींवर हात बसवा. बटन गुलाब आणि गावठी गुलाब कटिंगवर छान येतात, त्यांना कलमाचे पैसे देऊ नका. मोठ्या फुलांचे हायब्रिड टी मात्र कटिंगवर बहुतेक वेळा रडतखडत वाढतात, तिथे कलमच हवं.

निळ्या गुलाबाबद्दल आत्ताच सांगून टाकते कारण आठवड्याला एक तरी माणूस विचारतो. निळा गुलाब बाजारात नाही. जपानमध्ये सनटोरी कंपनीने जनुकं बदलून केलेलं फूल २००९ मध्ये विकायला काढलं, तेही जांभळटच आहे. ऑनलाइन जी निळ्या, इंद्रधनुषी गुलाबाची बियाणी विकतात ती निव्वळ फसवणूक आहे, कारण गुलाबाची जात बियाणातून तशीच्या तशी येतच नाही, ती फक्त डोळ्यातून किंवा काडीतून पुढे जाते. हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगा. पीस नावाचा जो जगप्रसिद्ध पिवळा-गुलाबी गुलाब आहे तो फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी तयार केला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर डोळकाड्यांची पार्सलं परदेशी पाठवली म्हणून तिकडे तो वाढू शकला, १९४५ मध्ये अमेरिकेत त्याला पीस हे नाव मिळालं. एवढ्याशा काड्यांतून अख्खी जात पुढे गेली, ही गोष्ट सांगितली की कलम म्हणजे काय ते माणसाला एका मिनिटात कळतं आणि तो बियाणाचा नाद सोडतो.

हिशोब. इथे लोक हमखास चुकतात कारण खरेदी आणि विक्री एवढंच धरतात. समजा २०० रोपं ४० रुपयांनी घेतली, ८,००० झाले. टेम्पो १,५००. मोठी पिशवी, मिक्स, खत धरून रोपामागे १५, म्हणजे ३,०००. एकूण १२,५००. आता यातली १५ टक्के मरणार असं धरूनच चाला, म्हणजे १७० उरली, आणि एक रोप तुम्हाला साडेत्र्याहत्तर रुपयांना पडलं, तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही. ४० चं घेऊन ७० ला विकतोय म्हणजे ३० सुटतात असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात रोपामागे साडेतीन रुपये खिशातून जात असतात. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण मर धरल्याशिवाय भाव काढू नका. जीएसटीची चिंता नको, जिवंत रोपांवर तो शून्य आहे, कुंड्या आणि खतं विकलीत तर त्याचं वेगळं.

हंगाम असा बघा की पाऊस ओसरला की मागणी उठते आणि फेब्रुवारीपर्यंत चालते, दिवाळी आणि डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगले, मार्चनंतर ओहोटी. फूल नसलेलं रोप विकणं फार अवघड, हे कितीही पटत नसलं तरी खरंय. म्हणून उलटं मोजा, छाटणीनंतर साधारण ४० ते ५० दिवसांत फूल येतं, तर दिवाळीला फुललेली रोपं हवी असतील तर दिवाळीच्या दीड महिना आधी छाटलेली हवीत. माल ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला आणून ठेवा, रुळू द्या, मग छाटा. आणि सगळी एकाच दिवशी छाटू नका, आठ-आठ दिवसांनी तीन टप्प्यांत छाटा, नाहीतर एका आठवड्यात सगळी फुलतात आणि पुढचे पंधरा दिवस नुसती हिरवी पानं घेऊन बसायची वेळ येते. छाटलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट किंवा कॉपरचं बुरशीनाशक लावा, गुलाब वरून वाळत येतो तो तिथूनच.

विक्री कोणाला, तर किरकोळ गिऱ्हाईक रोख देतं पण एक-दोन रोपं नेतं. लँडस्केपवाले आणि सोसायट्या एकदम १०० नेतात, पण एकाच रंगाची, एकाच उंचीची हवी असतात आणि पैसे मात्र महिना-दोन महिन्यांनी. अशा ऑर्डरीला निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मी माल हलवत नाही, ओळखीचा असला तरी. आणि लावायच्या किमान १५ दिवस आधी ऑर्डर मागते, कारण एका रंगाची १०० जमवायला आपल्यालाच दोन-तीन ठिकाणी फिरावं लागतं.

शेवटचं काम सोपं आहे पण तेच गिऱ्हाइकाला परत आणतं. रोप हातात देताना जोडावर बोट ठेवून दाखवा. "ताई, ही गाठ मातीच्या वर ठेवा, हिच्या खालून काही फुटलं की लगेच मुळापासून ओढून काढा, कात्रीने वरवर कापू नका." एवढंच वाक्य. वर्षभराने लोक तक्रार घेऊन येतात की तुम्ही लाल म्हणून दिलात आणि आता बारीक पांढरे झुपके येतायत, तेव्हा वरचं कलम कधीच मेलेलं असतं आणि खुंट माजलेला असतो. मागच्या महिन्यात एक आजोबा तसाच फोटो घेऊन आले, बघितलं तर जोड मातीत चार बोटं पुरलेला, वरून दरवर्षी खत-माती टाकत गेले होते. त्यांना म्हटलं बाबा, कुंडीच घेऊन या. आणली, माती उकरली, तर जोडाला एक हिरवी फूट अजून जिवंत होती, करंगळीएवढी. खुंटाच्या सगळ्या फांद्या खालून ओढून काढल्या, जोड मोकळा केला, आणि ती कुंडी आता माझ्याकडेच शेडनेटखाली ठेवलीय, परवा तिला पाच पानांची लालसर पालवी आलीय.